ग्रिल काढताना दरवेळी एक तरी लॉक तुटतं, त्यावर उपाय

तक्रार सगळ्यांची एकच. गाडीची पुढची ग्रिल ओढली की निघते, पण निघता निघता कुठंतरी ‘टक्’ वाजतं. परत बसवली की एका कोपऱ्यात बोटभर सैल राहते आणि साठच्या पुढं गेलं की खडखडायला लागते. पुढच्या वर्षी पुन्हा काढायची वेळ आली की अजून एक ‘टक्’. चार वर्षांत कंपनीची धडधाकट ग्रिल तारेनं बांधलेली दिसायला लागते.

मुळात दरवर्षी ग्रिल काढायची वेळ का यावी, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन उमजत नाही. आमच्या परभणीकडं दिवाळीच्या आसपास वेचणी जोरात सुरू झाली की संक्रांतीपर्यंत मानवत, सेलू, पाथरीच्या रस्त्यांवर कापसाचे टेम्पो धावत असतात. ताडपत्री कितीही आवळली तरी मागून कापूस उडतच राहतो. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लागलेले दिसतात ना, तेच पुंजके तुमच्या ग्रिलमधून आत शिरतात आणि एसीच्या कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्या पुढं असलेल्या एसीच्या जाळीवर, जाऊन बसतात. त्यावर धूळ बसते, किडे बसतात, एखादी सर आली की सगळं ओलं होऊन थापलं जातं. दोन हंगामांत गोधडीच्या अस्तरासारखा थर तयार होतो. मग एसी गार करत नाही, गाडी हळू चालवताना टेंपरेचरचा काटा वर जातो, आणि माणूस बोनेट उघडून ग्रिलला हात घालतो.

मीही घातला होता. दोन वर्षांपूर्वी येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, ताईकडं लातूरला निघालो होतो. गंगाखेड ओलांडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो. डिसेंबरची थंडी, एसी बंद, तरी टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर. हीटर पूर्ण चालू करून, खिडक्या उघड्या ठेवून कसंबसं पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच ग्रिलची खालची कड दोन्ही हातांनी धरली. दाजी कपबशी घेऊन ओट्यावर बसले होते. म्हणाले, “अरे, थांब की जरा. ऊन तर येऊ दे. एवढी काय घाई हाय?”

“दाजी, वरच्या क्लिपा काढल्यात. निघते आत्ता.”

निघाली. दोन लॉकांच्या जिभा तुटून बंपरच्या आत खुळखुळत गेल्या. दाजी काही बोलले नाहीत, फुंकर मारून चहा पीत राहिले. त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं, ते मला महिनाभरानं कळलं.

लॉक ओढून का निघत नाही

वाळूजला प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात माझा एक मित्र आहे. तुटलेला तुकडा त्याला दाखवला, तर त्यानं तो नखावर आडवा धरला आणि म्हणाला, नीट बघ. जिभेची पुढची बाजू उतरती होती, पाचरीसारखी. मागची बाजू जवळजवळ काटकोनात उभी. कारखान्यात लाईनवर माणूस ग्रिल दाबतो, उतरती बाजू चौकोनी खाचेवरून घसरते, जीभ वाकते आणि पलीकडं जाऊन सरळ होते. काम एका सेकंदात. पण उलट ओढलं की उभी बाजू खाचेच्या भिंतीला आडवी अडते. तिथं घसरायला उतारच नाही. जेवढा जोर लावाल तेवढी ती घट्ट बसते आणि शेवटी मुळातून तुटते.

म्हणजे ‘जोर कमी लावा’ हा सल्लाही अर्धवटच. जोर कमी लावून ती निघणार नाही, जास्त लावून तुटेल. जीभ दाबायची, ती खाचेतून सुटली की मग ओढायचं. प्रत्येक लॉकाला हे स्वतंत्रपणे करायचं. दहा लॉकं असतील तर दहा वेळा.

दुसरी गोष्ट प्लॅस्टिकची. क्रोम चढवलेली ग्रिल बहुधा एबीएसची असते, कारण त्यावर क्रोम चांगलं धरतं. बंपर पॉलिप्रॉपिलिनच्या मिश्रणाचा. बंपर लवचिक असतो, दाबला तर फुगून परत येतो. एबीएस तसं नाही. त्यात आठ-दहा उन्हाळे खाल्लेलं एबीएस म्हणजे वाळलेली पऱ्हाटीच. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, कृषी विद्यापीठाचा आकडा कधी कधी पाच-सहाचाही येतो. अशा गारठ्यात प्लॅस्टिक आणखी कडक होतं. त्यामुळं थंडीत हे काम करायचंच असेल तर गाडी तोंड उगवतीकडं करून लावा आणि दहानंतर हात घाला. तेवढी सवड नसेल तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून, पाच-सात मिनिटं ग्रिलच्या कडांवर टाकून ठेवा. हेअर ड्रायर चालेल. गॅरेजमधली हीट गन मात्र नको. तिची हवा काहीशे अंशांची असते आणि एबीएस शंभराच्या आसपासच मऊ पडायला लागतं, क्रोम उठतं ते वेगळं. मे महिन्यात उलट सकाळीच काम उरका, दुपारी काळ्या प्लॅस्टिकला हात लावता येत नाही.

आधी बघा, काढायची गरज आहे का

रेडिएटरच्या वर बोनेटखाली जे काळं आडवं झाकण असतं, नुसतं ते काढलं तरी पुष्कळ गाड्यांत कंडेन्सरचा वरचा भाग आणि त्याच्यामागची फट दिसते. टॉर्च मारून बघा. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. बारीक कापूस त्याच्या पट्ट्यांतून पलीकडं जातो आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साठतो. थर वरच्या वर असेल तर झाकण काढूनच मऊ ब्रशनं आणि पाण्यानं निघेल, ग्रिलला हात लावायचं कारण नाही. मी आता क्वचितच ग्रिल काढतो. बाकी वेळा झाकणावरच भागतं.

काढायचीच ठरली, तर ती कशाला धरून आहे ते ओळखा. बोनेट उचला. ग्रिल बोनेटबरोबर वर गेली, तर ती बोनेटलाच आतून नटांनी धरलेली आहे. हे सगळ्यात सोपं, पण नट गंजलेले असले तर प्लॅस्टिकचा दांडाच नटासोबत फिरतो आणि मोडतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा.

ग्रिल खालीच राहिली, तर तिची आणि बंपरची कड जुळते तिथं बोट फिरवा. ग्रिलची कड बंपरवर चढलेली लागली, तर ती बहुधा पुढून निघेल. बंपरची कड ग्रिलवर चढलेली लागली, तर ग्रिल आतून बसवलेली आहे आणि बंपर उतरवल्याशिवाय निघणार नाही. ज्याची कड वर, तो आधी निघतो. एवढं एक न बघता ओढाओढ केल्यानं जितक्या ग्रिल मोडतात, तितक्या दुसऱ्या कशानं मोडत नसतील.

पुढं लोखंडी गार्ड असेल तर तो आधी उतरवावा लागेल. उतरवलात की परत लावू नका. असे गार्ड बेकायदा असल्याचं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे.

काही गाड्यांत बंपरचा एखादा स्क्रू नंबरप्लेटच्या मागं लपलेला असतो. पूर्वी प्लेट सहज काढता यायची. आता १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, सक्तीची झाली आहे, आणि तिचे लॉक एकदाच बसतात, काढले की मोडतात. त्यामुळं बाकीचे सगळे स्क्रू काढूनही बंपर मधोमध अडला, तेवढ्याच वेळी प्लेटकडं वळा, आणि त्याआधी नवीन लॉक कुठून बसवून मिळतील याची चौकशी करा.

हत्यारं

१० नंबरचा पाना (काही गाड्यांना ८ चा लागतो), एक फुली स्क्रू ड्रायव्हर, एक बारीक चपटा, टॉर्च, मास्किंग टेप. उचकटायला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा सेट मिळतो, तो घेतलात तर उत्तम. नसेल तर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या जमा करा, दहा-बारा तरी. त्या का, ते पुढं येईल. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, नाहीतर रंगावर ओरखडा ठरलेला.

इंजिन पूर्ण गार झालेलं हवं. किल्ली काढलेली असली तरी काही गाड्यांत गरम इंजिनचा पंखा आपोआप सुरू होतो, आणि तुमची बोटं नेमकी तिथंच असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या. पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचा पुढचा सेन्सर ग्रिलच्या मागच्या पट्टीवर असतो. तिथं ठोकाठोक करायची नाही. ग्रिलच्या मागं रडार किंवा कॅमेरा असलेली नवी गाडी असेल तर मी हे काम घरी करणार नाही. तो जरा हलला तरी परत कॅलिब्रेट करावा लागतो, आणि ते अंगणात होत नाही.

हेडलाईटच्या खालची कड आणि बंपरची वरची कड टेपनं झाका. मग कागदावर ग्रिलचा चौकोन काढा आणि जिथं जिथं क्लिप किंवा स्क्रू दिसेल तिथं फुली मारा. काढलेली प्रत्येक वस्तू एका डबीत.

वरच्या क्लिपा

झाकणावर ज्या काळ्या गोल बटणांच्या क्लिपा असतात, त्या दिसायला एकसारख्या पण उघडायला तीन तऱ्हेच्या. मधल्या टिकलीला बाजूला खाच असेल, तर ती खाचेतून वर उचलायची. टिकली वर आली की सगळी क्लिप सुटते. टिकली सपाट, बिनखाचेची असेल तर ती उलट आत दाबायची, दोन-तीन मिलिमीटरच, ‘टिक्’ होईपर्यंत. जास्त दाबली तर पिन आरपार जाऊन बंपरच्या पोटात पडते. तिसरीला वर फुली असते, ती स्क्रूसारखी फिरवायची. आमच्या धुळीत ही नुसती गरगर फिरते, वर येत नाही. तिच्यावर साबणाचे दोन थेंब टाका, आणि फिरवता फिरवता दुसऱ्या हातानं चपट्या पट्टीनं कडेला हलका उचल द्या.

झाकण निघालं की ग्रिलच्या वरच्या कडेचे स्क्रू दिसतील, दोन ते चार. ते काढले की ग्रिल वरून सैल होते, आणि सगळ्यांचा धीर इथंच सुटतो. माझाही इथंच सुटला होता.

खालची लॉकं

वरची कड सुटली की ग्रिल तुमच्याकडं दोन बोटं कलती करा, जास्त नाही. वरून टॉर्च मारून ग्रिल आणि बंपर यांच्यामधल्या फटीत बघा. खालच्या कडेला चौकोनी खाचा आणि त्यात अडकलेल्या जिभा ओळीनं दिसतील. दोन्ही टोकांना, हेडलाईटच्या खाली, आणखी एकेक असतं. ते दिसत नाही, बोटानं चाचपून शोधावं लागतं. माझी तुटलेली दोन नेमकी तीच होती. कागदावर त्यांच्याही फुल्या मारा.

आता एका टोकाकडून सुरुवात करा. चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक जिभेवर टेकवा आणि ती खाचेतून बाहेर सरकेल एवढीच दाबा. दुसऱ्या हातानं ग्रिलची ती जागा चिमूटभर पुढं घ्या. सुटली की हात सोडायच्या आधी त्या फटीत लाकडी काडी सरकवा. काडी नसेल तर तुम्ही तिसरं लॉक सोडवेपर्यंत पहिलं परत बसलेलं असतं, आणि मग माणूस चिडून ओढतो. एक लॉक, एक काडी. शेवटचं सुटलं की ग्रिल आपसूक हातात येते. हे सगळं बरोबर झालं तर ‘टक्’ एकदाही ऐकू येत नाही. खरं तर ग्रिल निघाली हे कळतच नाही, हेच मला पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं.

एखादं लॉक काही केल्या सुटत नसेल, तर बहुधा ते लॉकच नसतं. त्या ठिकाणी खालून स्क्रू असतो, नाहीतर कुणीतरी आधी ते चिकटवलेलं असतं. शेजारच्या काकांच्या गाडीचं मी असंच मोडलं. कुणीतरी पूर्वी गोंद भरून ठेवला होता आणि मी लॉक समजून दाबत बसलो होतो. लोगोच्या मागं किंवा फॉग लाईटच्या कडेला वायर गेलेली असेल तर ग्रिल लांब न्यायच्या आधी तिचं सॉकेट सोडवा, वायर धरून नव्हे, सॉकेटचं लॉक दाबून.

बंपर उतरवायचा झाला तर

एकट्यानं करू नका. पुढच्या दोन्ही चाकांच्या कमानीत बंपरच्या टोकाला स्क्रू असतात, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हात जातो. मग खालच्या क्लिपा आणि वरचे बोल्ट. हे सगळं निघाल्यावर बंपर दोन टोकांना हेडलाईटखालच्या पट्टीत अडकून राहतो. तिथं त्याला पुढं ओढू नका, चाकाकडची कड बाहेरच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पोटाकडं ओढा. कटकट असे दोन-तीन आवाज येतील, ते इथं चालतात, पॉलिप्रॉपिलिन आहे. खाली जुनी गोधडी अंथरून त्यावर बंपर पालथा ठेवा आणि ग्रिल मागून आरामात सोडवा. उजेडात सगळी लॉकं समोर दिसत असतात, त्यामुळं खरं सांगायचं तर ही पद्धत वेळखाऊ असली तरी ग्रिलला जास्त सुरक्षित आहे.

कापूस काढताना

प्रेशर वॉशरचा फवारा कंडेन्सरवर मारू नका. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वहीच्या कागदाएवढ्या बारीक असतात, लगेच आडव्या होतात, आणि आडव्या झाल्या की हवा कापसाशिवायही अडते. आधी सुका थर बोटानं वरून सोलून घ्या, तो बहुतेक अखंड निघतो. मग साधी बागेची नळी, शक्य असेल तर इंजिनच्या बाजूनं बाहेर, म्हणजे कचरा आला तसा परत जातो. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या असतात. ‘या कशाला’ म्हणून त्या काढून टाकलेल्या गाड्या मी बघितल्यात. आलेली हवा बाजूनं निसटू न देता रेडिएटरमधून न्यायचं काम त्या करतात. त्या नसल्या तर ग्रिल कितीही चकचकीत करा, गाडी तापणारच.

आधीच तुटलेलं असेल तर

एका गॅरेजनं मला लॉक तुटल्यावर ‘सगळी ग्रिल बदला’ असंच सांगितलं होतं. लगेच ऐकू नका. ग्रिल उलटी करा, मागं कुठंतरी बाणांसारख्या दोन खुणांमध्ये प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं सापडेल. एबीएस असेल तर ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत थोड्या ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की खीर तयार होते. ती तुटलेल्या जागी लावून जीभ दाबून धरा, आणि एक दिवस हात लावू नका. हे दारं-खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवापासून लांब करा, आणि क्रोमच्या किंवा रंगाच्या बाजूला थेंब जाऊ देऊ नका. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, लिहिलेलं असेल तर ॲसिटोनचा उपयोग नाही आणि झटपट चिकटणारे गोंदही त्याला टिकत नाहीत. तिथं प्लॅस्टिक वेल्डिंग, नाहीतर सरळ दोन बारीक भोकं पाडून काळा केबल टाय. केबल टायला लाजायचं कारण नाही. तो आतून असतो, दिसत नाही, आणि पुढच्या वेळी कात्रीनं कापला की मोकळं. बाहेरून गुंडाळलेल्या तारेपेक्षा लाखपट बरा.

गोल क्लिपा तुटल्या तर नवीन घ्या, एकेक क्लिप चहाच्या किमतीत मिळते. दुकानात जाताना क्लिपचं डोकं मोजून जाऊ नका, गाडीवरच्या भोकाचा व्यास मोजा. डोकी सारखी दिसतात आणि भोकं एकेका मिलिमीटरनं वेगळी असतात.

परत बसवताना

दाबून उघडणाऱ्या क्लिपांची पिन आधी खालून ढकलून वर काढा, मग क्लिप भोकात घाला, मग टिकली सपाट होईपर्यंत दाबा. पिन आत असतानाच क्लिप ठोकून बसवली तर तिचे पाय फाकतच नाहीत आणि ती चार दिवसांत रस्त्यावर पडते.

ग्रिल बसवताना खालच्या जिभा आधी खाचांसमोर आणा, मधून सुरू करून टोकांकडं तळहातानं दाबत जा. प्रत्येक लॉकाचा ‘टिक्’ ऐका आणि कागदावरच्या फुलीला गोल करा. वरचे स्क्रू सगळे हातानं लागल्यावरच आवळा. एक आधी घट्ट केला तर दुसऱ्याचं भोक जुळत नाही. शेवटी झाकण, मग बॅटरी, मग बोनेट एकदा हलकेच टेकवून लॉकला काही अडत नाही ना ते बघा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ऐंशीपर्यंत एक फेरी. खडखड आली तर खालचं एखादं लॉक बसलेलं नाही. शिट्टीसारखा आवाज आला तर वरचं झाकण बघा.

आणि डबीत काही उरलं असेल तर गाडी तशीच नेऊ नका, कागद काढून फुल्या परत मोजा. मागच्या येळवशीला माझ्या डबीत एक क्लिप उरली होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी दोनदा सगळं उघडून बघितलं. डबी दाजींच्या शेडमधून आणली होती, आणि क्लिप त्यांच्या ट्रॅक्टरची निघाली.